बदकांची शिकार आणि लाल डोळे

परवा एक ताई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. डोळे लाल, चुरचुरणारे. मामाच्या माळ्यावरचा जुना टीव्ही खाली निघाला होता आणि सुट्टीभर त्यावर 'डक हंट' चालू! निन्टेंडोचा हा १९८४ सालचा बदकांच्या शिकारीचा खेळ.

खरे सांगतो, मीही तो पुष्कळ खेळलो आहे. एका बदकाला तीनच गोळ्या. तिन्ही वाया गेल्या की गवतातून कुत्रा डोके वर काढून फिदीफिदी हसतो. माणूस अडकतो तो इथेच. थोडक्यात हुकलेला नेम हार वाटत नाही, 'आता जमलेच' असे वाटते. आणि पुढचे बदक लगेच उडते. खरा शिकारी तासन्‌तास वाट पाहतो, येथे उसंतच नाही.

नेम धरताना पापणी मिटायची राहते. एरवी मिनिटाला १५ च्या आसपास होणारी उघडझाप बरीच कमी होते, अश्रूंचा थर वाळतो आणि डोळे चुरचुरतात. दहा बदकांची फेरी संपली की बंदूक खाली ठेवावी, पापण्या सावकाश मिटाव्यात, खिडकीबाहेर लांबवर पाहावे. डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल किंवा चिपडे येत असतील तर मात्र तपासून घ्यावे.

आणखी एक. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदूक तोच उजेड टिपते. ज्या मुलाला फिट येते, त्याच्या हाती हा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

जाताना मुलाने हळूच विचारले, "डॉक्टरकाका, त्या कुत्र्याला गोळी लागते का हो?"

नाही लागत. मीही मारून पाहिली आहे.