शेतकऱ्यांचा अभ्यास, पण बीएस्सी ॲग्री नव्हे

कामोठ्यात बारावीनंतर मुलगी ‘समाजशास्त्र घेते’ म्हणाली, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे यूपीएससी ना?’ तसंच काही नाही. शेतकरी समाजाचा अभ्यास हाही पेशा आहे. उदाहरणार्थ, समाजशास्त्रज्ञ द. ना. धनागरे. मूळचे वाशिमचे. ससेक्स विद्यापीठात पीएच.डी., मग आयआयटी कानपूर (तिथंही समाजशास्त्र शिकवतात, पालकहो!), पुढे पुणे विद्यापीठ आणि 1995 ते 2000 शिवाजी विद्यापीठाचं कुलगुरूपद. 1983च्या त्यांच्या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकात मोपला, बार्डोली, तेभागा, तेलंगणा असे शेतकऱ्यांचे लढे आहेत. लढ्यात उतरलं कोण, सधन शेतकरी, कूळ की शेतमजूर, आणि पदरात कोणाच्या काय पडलं, हा त्यांच्या कामाचा गाभा. शेतकरी संघटनेवरचं त्यांचं पुस्तक त्यानंतर तब्बल 33 वर्षांनी आलं. घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

कामोठ्याच्या मुलांना विषय शोधायला लांब जावं लागत नाही. आपले टॉवर नवी मुंबईसाठी सिडकोने संपादित केलेल्या शेतजमिनींवर उभे आहेत. जानेवारी 1984 मध्ये या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्याच लढ्याचं फळ. आता अभ्यासकाचे प्रश्न बघा: त्या भूखंडात बहिणींचा वाटा किती? मिठागरातल्या मजुराला काय मिळालं?

एम.ए. कलिन्याला करता येतं. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919चा. किंवा देवनारचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था): मानसरोवरहून गोवंडीला हार्बरची एकच गाडी. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर संशोधन करताना सध्या दरमहा 37,000 रुपये.

पैशाचं खरं सांगतो. कायम प्राध्यापकीच्या जागा थोड्या, आणि तासिका तत्त्वावर अनेकांची उमेदीची वर्षं जातात. फक्त प्राध्यापकीवर विसंबू नका. 2013च्या भूसंपादन कायद्याने बहुतेक प्रकल्पांआधी सामाजिक परिणामांचं मूल्यमापन बंधनकारक केलं. अशा पाहण्या, स्वयंसेवी संस्था, ग्रामीण पत्रकारिता इथेही ही माणसं लागतात. त्यासाठी संख्याशास्त्र टाळून चालत नाही, आणि सातबारा नि फेरफार वाचता यायलाच हवेत. हे वाचन कॉलेजात क्वचितच शिकवतात. गावठाणातल्या एखाद्या आजोबांकडे दोन दुपारी बसलं, तर जमतं.