पासवर्ड शाबूत, खाते मात्र गेले

भांडुप पश्चिमेला माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, महावितरणची बिले, गणपतीच्या दोन महिने आधी कोकणच्या गाड्यांसाठी उडणारी झुंबड, असे काम बारा महिने चालते. लोक मोबाइलवरचे कागद स्वतःलाच ईमेल करतात, इथल्या संगणकावर मेल उघडून प्रिंट काढतात आणि घाईने निघतात. निघताना टॅब बंद करतात. टॅब बंद म्हणजे खाते बंद, ही समजूत इतकी पक्की आहे की समोर करून दाखवल्याशिवाय ती हलत नाही.

एका पावसाळ्यात प्रवेशाची गर्दी असताना वीज गेली. एक मुलगी तेव्हा आपला मेल उघडून बसली होती. वीज लवकर येईना, तशी ती घरी गेली. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ब्राउझरने विचारले, आधीची पाने परत आणू का? पुढच्या गिऱ्हाइकाने ‘हो’ दाबले आणि त्या मुलीचा मेल जसाच्या तसा समोर आला. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, सगळे उघडे. पासवर्ड कोणी विचारला नाही, ओटीपी आला नाही. गृहस्थ सज्जन होते, त्यांनी मला लगेच हाक मारली. प्रत्येक वेळी खुर्चीत सज्जनच बसेल याची खात्री कोण देणार?

हे घडते ते कुकीमुळे. वेबसाइटला मुळात काही आठवत नाही. तुम्ही उघडलेले प्रत्येक पान तिच्या दृष्टीने नवी भेट असते. ही अडचण सोडवायला १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी कुकी काढली. साधारण चार केबीपर्यंतची ही मजकुराची चिठ्ठी साइट तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला देते आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउझर ती आपणहून दाखवतो. तुम्ही लॉग-इन केलेत की त्या चिठ्ठीत एक लांबलचक आकडा येतो. त्यानंतर साइट तुम्हाला ओळखत नाही, त्या आकड्याला ओळखते. देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर बिल्ला आणेल त्याला चपला मिळतात, नाव कोणी विचारत नाही, तसेच हे. लॉग-आउट केल्यावर साइट तो आकडा रद्द करते. नुसता टॅब बंद केला तर आकडा जिवंत राहतो. काही कुकी ब्राउझर पूर्ण बंद झाल्यावर पुसल्या जातात, पण ‘आधीची पाने पुन्हा उघडा’ ही सेटिंग चालू असेल तर त्याही टिकतात. बाकीच्या मुदतीच्या असतात. क्रोममध्ये ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवस आहे, म्हणजे वर्षाहून अधिक.

बँकांच्या साइट काही मिनिटे हालचाल नसली की स्वतःच बाहेर काढतात. मेल आणि सोशल मीडियाची खाती तसे करत नाहीत, आणि आपले सगळे कागद तर मेलमध्येच पडलेले असतात.

दुसरा प्रसंग याहून वाईट. टेंभीपाड्यातला एक तरुण भजनांचे यूट्यूब चॅनल चालवायचा. जाहिरात देतो म्हणून एक ईमेल आला, सोबत कराराची फाइल होती. ती त्याने घरच्या लॅपटॉपवर उघडली. उघडून काहीच दिसले नाही. काही वेळातच चॅनलचे नाव बदलले आणि त्यावर भलतेच व्हिडिओ सुरू झाले. तो माझ्याकडे आला तेव्हा एकच सांगत होता, ‘काका, मी पासवर्ड कुणाला दिला नाही, ओटीपीसुद्धा नाही.’ तो खरेच बोलत होता. त्या फाइलने ब्राउझरमधल्या कुकीच उचलून नेल्या होत्या. मार्च २०२३ मध्ये कॅनडातल्या ‘लायनस टेक टिप्स’ या नावाजलेल्या चॅनलवर याच रीतीने हल्ला झाला. तंत्रज्ञानावर बोलणाऱ्यांचे चॅनल असे जाते, मग आपल्या पोरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. अशा वेळी आधी दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करायचे, मग पासवर्ड बदलायचा. पैशांचा मामला असेल तर १९३० वर ताबडतोब फोन करायचा.

म्हणून कुकी सरसकट वाईट, असे मात्र नाही. त्या नसत्या तर तिकिटाच्या साइटवर पुढच्या पानावर गेल्यागेल्या पुन्हा लॉग-इन करावे लागले असते. तक्रार आहे ती तिऱ्हाइतांच्या कुकीबद्दल. पान एका साइटचे, पण त्यातल्या जाहिराती दुसऱ्याच कंपनीच्या. ती कंपनी आपली चिठ्ठी ठेवते आणि तुम्ही पुढे कुठे कुठे गेलात ते जोडत राहते. सफारी २०२० पासून अशा कुकी अडवते, फायरफॉक्सही आपणहून बंदोबस्त करतो. गूगलने २०२० मध्ये क्रोममधून त्या काढून टाकू असे जाहीर केले होते. एप्रिल २०२५ पर्यंत तो बेत मागे पडला. क्रोम वापरणाऱ्याने स्वतः सेटिंगमध्ये, गोपनीयता आणि सुरक्षा या भागात जाऊन तिऱ्हाइतांच्या कुकी बंद कराव्यात. मी दुकानातल्या सगळ्या संगणकांवर तसे केले आहे. एखादी साइट अडलीच, तर तेवढ्यापुरती सूट देता येते.

कुकी स्वीकारा म्हणून पाटी आली की लोक मोठे रंगीत बटण दाबून मोकळे होतात. शेजारी बारीक अक्षरात नकाराचा किंवा निवडीचा पर्याय असेल तर तो दाबा. साइट बहुतेक वेळा तशीच चालते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तत्त्व आहे.

बाहेरच्या संगणकावर बसलात तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इनकॉग्निटो खिडकी उघडा. काम झाले की आधी लॉग-आउट आणि मग अशा सगळ्या खिडक्या बंद, कारण एक जरी उघडी राहिली तरी लॉग-इन जिवंत राहते. व्हॉट्सअॅप संगणकाला जोडले असेल तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते तोडूनच उठा. विसरलात, तर घरून फोनवरूनही हे करता येते.

माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती आहे. ब्राउझर बंद होताच साइटचा डेटा पुसला जाईल, ही सेटिंग प्रत्येक संगणकावर आजच लावा, पासवर्ड जतन करण्याची सोय बंद करा, आणि गिऱ्हाईक उठण्याआधी एकदा विचारा, ‘ताई, लॉग-आउट केलंत ना?’