विंडोज 10 बदलताना: आधी बॅकअप, मग अपग्रेड

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे संगणक काही बंद पडला नाही. टॅली उघडते, प्रिंट निघते, म्हणून कितीतरी दुकानांत, करसल्लागारांच्या ऑफिसांत आणि सोसायट्यांच्या कार्यालयांत तीच विंडोज अजून चालू आहे. पण यापुढे तिच्यात जी त्रुटी सापडेल, तिची दुरुस्ती आपोआप येणार नाही. दुरुस्ती न घातलेल्या यंत्रांचे काय होते हे 2017 मध्ये दिसले. विंडोजमधली एक फट बुजवणारे अपडेट मार्चमध्ये निघाले होते. मे महिन्यात वॉनाक्राय आला आणि ज्यांनी ते घातले नव्हते त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. जूनमध्ये नॉटपेट्याने तीच फट वापरली, तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार आणि लोकांची आधार-पॅनची कागदपत्रे आहेत, तो असा उघडा ठेवू नये.

सुरुवात यंत्र तपासण्यापासून करा. विंडोजचे बटण आणि आर एकदम दाबा, msinfo32 टाइप करा आणि ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडा. स्टार्टमध्ये हे नाव शोधले तरी सापडते. तिथे प्रोसेसर, रॅम आणि बायोस मोड दिसतो. विंडोज 11 साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, नाहीतर एएमडी रायझन 2000 मालिका किंवा पुढचा लागतो. शिवाय 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण, यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम 2.0. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप यातले काय कमी पडते ते सांगते. माझे मत विचाराल तर 4 जीबी रॅमवर कामाचा संगणक चालवू नका. 8 जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, एवढा खर्च आधी करा.

सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅक्टिव्हेशन’मध्येही डोकावा. विंडोज 10 अस्सल असेल तर 11 फुकट मिळते. कुणी क्रॅक मारून दिलेली असेल, तर लायसन्सचा प्रश्न आत्ताच सोडवा.

आता बॅकअप. यावर अर्धा दिवस गेला तरी चालेल, कारण अपग्रेड फसले तर पुन्हा करता येते. गेलेली फाइल परत येत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. दुसरी प्रत क्लाउडवर किंवा वेगळ्या डिस्कवर असू द्या. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या: टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबले की डेटाचा मेनू उघडतो, त्यात बॅकअप आहे. डिस्क फॉरमॅट करणार असाल किंवा नवा संगणक घेणार असाल, तर टॅलीचे लायसन्स आधी ‘सरेंडर’ करा.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे फॉन्ट. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली इतिवृत्ते, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पाने तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की ओळीच्या ओळी रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या गिचमिडीत दिसतात. मजकूर शाबूत असतो, वाचता मात्र येत नाही. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले हे फॉन्ट वेगळे काढून ठेवा, सॉफ्टवेअरची सीडी आणि डोंगल असेल तर तेही शोधून ठेवा, आणि जपायचा मजकूर या निमित्ताने युनिकोडमध्ये करून घ्या.

विंडोज 10 जर 32-बिट असेल, तर थेट अपग्रेड होणार नाही, कारण विंडोज 11 फक्त 64-बिट आहे. डॉसवर चालणारा जुना फॉक्सप्रोचा पगारपत्रक किंवा पतपेढीचा प्रोग्रॅम तिथे सरळ चालत नाही. असा प्रोग्रॅम असेल तर त्यातला हिशेब बाहेर काढण्याची सोय होईपर्यंत पुढचे पाऊल टाकू नका.

डिजिटल सही, म्हणजे डीएससी, तिच्या यूएसबी टोकनमध्येच असते. नव्या विंडोजवर फक्त टोकनचा ड्रायव्हर लागतो, तो कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा. टोकन ‘इनिशियलाइज’ मात्र करू नका. त्याने सही पुसली जाते.

यंत्र पात्र आहे, पण टीपीएम सापडत नाही असा संदेश आला, तर बहुतेक वेळा ते बायोसमध्ये बंद असते. संगणक सुरू होताना एफ2, एफ10 किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे बदलते) दाबून आत जा. इंटेलवर ते पीटीटी नावाने आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने दिसते. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते पाहा आणि त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नसेल तर स्वतःच्याच डिस्कपुढे अडून बसावे लागते. बायोस मोड ‘लेगसी’ दिसत असेल, तर डिस्कचे रूपांतर करावे लागते. ते काम जाणकाराकडून करून घ्या.

मग प्रत्यक्ष अपग्रेड. सी ड्राइव्हवर निदान 30 जीबी जागा मोकळी करा. प्रिंटर, स्कॅनर, पेनड्राइव्ह काढून ठेवा. लॅपटॉपला चार्जर लावा, डेस्कटॉप यूपीएसवर असू द्या. भारनियमनाची वेळ टाळा. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये विंडोज 11 दिसत असेल तर तिथूनच घ्या. दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ उतरवा. फायली आणि अ‍ॅप्स जसेच्या तसे राहतात. संगणक मध्ये दोन-चार वेळा बंद-चालू होईल, टक्केवारी बराच वेळ एका जागी थांबेल. तेव्हा बटण दाबून तो बंद करू नका.

झाल्यावर लगेच सगळे तपासा: टॅली, प्रिंटर, डीएससीने एखादी सही, बायोमेट्रिक यंत्र, मराठी कळफलक. मंगल किंवा कोकिळा हे फॉन्ट दिसत नसतील, तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे जादा फॉन्ट घाला. काही बिनसले तर पहिल्या 10 दिवसांत ‘रिकव्हरी’मधून विंडोज 10 कडे परतता येते. तोवर डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजचे फोल्डर उडवू नका.

यंत्र पात्रच नसेल तर? तपासणीला बगल देऊन विंडोज 11 बसवण्याच्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर आहेत. कामाच्या संगणकावर त्या वापरू नयेत. अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरगुती संगणकावर विंडोज 10 ची 22एच2 आवृत्ती असेल, तर विंडोज अपडेटमधून ‘ईएसयू’साठी नोंदणी करा. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला तर त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात.

फक्त इंटरनेट, पत्रे, मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल, तर लिनक्स मिंट मला मनापासून सुचवावेसे वाटते. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर ते घेऊन, डिस्कला हात न लावता, तसेच चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि इनस्क्रिप्ट मराठी चालते का ते पाहा, मगच बसवा. लिब्रेऑफिस त्यात असतेच. टॅली आणि डीएससी हेच मुख्य काम असलेल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, त्यांनी नवे यंत्र घ्यावे.

जुने यंत्र विकताना किंवा भंगारात देताना त्यातली डिस्क काढून घ्या, किंवा पूर्ण पुसून मगच द्या. नुसते डिलीट केलेल्या फायली साध्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात.