धान्यकोठीपासून सिद्धगडापर्यंत

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. हिराजी पाटील हे त्यांचे सहकारीही तेथेच धारातीर्थी पडले. भाईंचे वय त्या वेळी जेमतेम तीस वर्षे एक महिन्याचे होते. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, हे सर्वश्रुत आहे. परंतु डोळखांब किंवा टोकावड्याच्या पंचायत सदस्याने अभ्यासावे असे त्यांचे कार्य त्यापूर्वीचे आहे.

1 डिसेंबर 1912 रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले व माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. वकिली आणि पद या दोहोंच्या आधारे सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी मात्र शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि धान्यकोठ्या उभ्या केल्या.

या कोठ्यांचे महत्त्व कळण्यास शहापूर, मुरबाड व कर्जत या पट्ट्यातील जुनी खावटी ठाऊक असावी लागते. आषाढ-श्रावणात घरातील भात संपे. लावणीची कामे तोंडावर असत आणि कुळाला व आदिवासीला सावकाराच्या दारी जावे लागे. घेतलेले भात सुगीनंतर सवाई-दिढीने फेडावयाचे. ते फेडता फेडता पुन्हा पावसाळा येई. सुगीत साठवलेले धान्य पावसाळ्यात गरजूंना देणारी कोठी हे चक्र नेमके जेथे सुरू होई तेथेच अडवीत होती. भाषणांनी सावकारी हटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. (कोठीचा हिशेब ठेवणे मनोरा पाडण्याइतके रोमहर्षक नसते, म्हणूनच बहुधा स्मरणसभांतून तिचा उल्लेख ओझरता होतो.)

1942 साली भूमिगत झाल्यावर भाईंची सारी भिस्त याच डोंगरपट्टीतील लोकांवर होती. सरकारचा ससेमिरा मागे असता ते काही महिने रानात टिकाव धरू शकले. त्याचे मूळ केवळ देशभक्तीच्या आवाहनात नव्हे, तर आधीच्या त्या व्यवहारातही शोधावे लागेल. ज्याने अडीअडचणीच्या दिवसांत धान्याची सोय केली, त्याच्या शब्दाची पारख लोकांनी आधीच केलेली होती.

अखेरीस सिद्धगडावरील त्यांचा ठावठिकाणा पोलिसांना लागला. तेथे आज हुतात्मा स्मारक असून दरवर्षी 2 जानेवारीस मुरबाड-कर्जतकडील लोक अभिवादनासाठी एकत्र जमतात.