पाणी उकळले होते का?

तुम्हांला खायला आवडते का? असा प्रश्न वर्गात विचारला, की सगळे हात वर होतात. आणि स्वयंपाक करता येतो का, असे विचारले, की मुलांचे हात हळूच खाली जातात. मुली एकमेकींकडे पाहून हसतात. माझेही तुमच्यासारखेच होते. मी खवय्या होतो. खवय्या म्हणजे खाण्याची आवड असणारा माणूस. उर्दूत तुम्ही त्याला ‘खाने का शौकीन’ म्हणाल. माझा शौक खाण्यापुरताच होता. त्याची पुढची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

१९९१ साली मी खेड्यातून वाशिमला महाविद्यालयात शिकायला आलो. तेव्हा वाशिम हा जिल्हा नव्हता. तो अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. १ जुलै १९९८ रोजी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके मिळून आजचा जिल्हा झाला. अकोल्याहून पूर्णेला जाणारी गाडी तेव्हा लहान रुळांवरून धावत असे. मोठे रूळ आले ते २००८ साली. त्या गाडीतून उतरलो, की स्टेशनाबाहेरच तळणाचा वास येई आणि माझे पाय आपोआप तिकडे वळत.

आता तुम्ही माझ्याबरोबर चला. सकाळची वेळ आहे असे समजा. आपल्याकडे चहा-फराळाच्या साध्या दुकानालाही ‘हॉटेल’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. बाहेर मोठी कढई, आत चार बाके आणि भिंतीवर भावांची पाटी. त्या पाटीवर पोहे, भजी, आलुबोंडा आणि कचोरी ही नावे दिसतील. पुण्या-मुंबईचा माणूस ज्याला बटाटेवडा म्हणतो, तो आपला आलुबोंडा. कचोरीचे नाव निघाले, की शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावची आठवण होते. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, आत मुगाच्या डाळीचे सारण आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. आगगाडीच्या प्रवाशांनी ती कचोरी गावोगावी पोहोचवली. घर सोडून आलेला माणूस परक्या गावाला असे काही देऊन जातो, याचे मला नेहमी नवल वाटते.

हॉटेलात बसल्या बसल्या एक गंमत करून पाहा. पाटीवरचे शब्द नीट वाचा. समोसा हा शब्द फारसीतून आला. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीला आला, तेव्हा त्याने सुलतानाच्या दस्तरखानावर समोसा पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. जिलबी म्हणजे अरबीतली ‘जलाबिया’. हलवा, सरबत, मसाला हे शब्दही अरबीच. मराठीत ते इतके मुरले आहेत, की आपण पाहुणे आहोत हे त्यांनाही आठवत नसेल. मराठी शिकताना तुम्हांला काही शब्द अवघड वाटतात ना? मग जेवणाच्या ताटापासून सुरुवात करा. निम्मे ताट तुमच्या ओळखीचे निघेल.

पहिले तीन महिने मी खाणावळीत जेवलो. महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि दोन वेळ जेवायचे. पहिल्या आठवड्यात सारे छान लागले. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले, की सोमवारची भाजी आणि गुरुवारची भाजी यांचा रस्सा एकच आहे, फक्त वांग्याच्या जागी बटाटा आला आहे. चव बदलावी म्हणून मी संध्याकाळी भजी खाऊ लागलो. एका दुकानातले तेल तर चहासारखे काळे झाले होते. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले, की त्यात शरीराला अपायकारक पदार्थ तयार होतात. आता त्यासाठी नियमही आहे आणि २०१८ सालापासून असे खराब झालेले तेल स्वयंपाकात वापरता येत नाही. तेव्हा मला एवढी समज कुठली? पोट बिघडले, पैसे संपले आणि वडिलांना पत्र लिहायची लाज वाटू लागली. शेवटी मी वातीचा एक स्टोव्ह, एक तवा, एक परात आणि एक गंज विकत घेतला. गंज म्हणजे आपल्या वऱ्हाडातले पातेले.

माझी खोली एका जुन्या घराच्या मागच्या अंगाला होती. घरमालकीण बाईंना सारी गल्ली ‘खाला’ म्हणे, म्हणून मीही खाला म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजारातून कोथमीर आणायला सांगितली. भाजीवाल्या आजीबाई म्हणाल्या, “कोथमीर कायची? सांभार म्हण!” आपल्या भागात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. खालांची कोथमीर, आजीबाईंचा सांभार आणि माझ्या पुस्तकातली कोथिंबीर, अशी तीन नावांची ती एकच जुडी घेऊन मी घरी आलो. पुढे पुण्याचा एक मित्र आला. त्याने एका हॉटेलात इडलीबरोबर आणखी सांभार मागितला आणि वाढणाऱ्या मुलाने बारीक चिरलेली कोथिंबीर आणून दिली. मित्र रागावला. तो मुलगा मात्र शेवटपर्यंत गोंधळलेलाच होता, कारण त्याने मागितलेलीच वस्तू आणली होती!

खालांच्या घरी लग्नकार्यात होणारा दालचा तुम्हांला सांगायला नको. हरभऱ्याची डाळ, मटण, दुधी भोपळ्याच्या फोडी आणि चिंचेचा कोळ. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी तीनदा भात मागून घेतला. मग वाटले, हा आपणही करून पाहावा. मटण परवडणार नव्हते, म्हणून नुसती डाळ आणि दुधी घेतला. एका रविवारी सगळे साहित्य गंजात एकदम टाकले आणि स्टोव्ह पेटवला. एक तास झाला, दोन तास झाले. रॉकेल संपत आले, पण डाळ खड्यासारखी टणकच. खाला आल्या, त्यांनी एक दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि विचारले, “इमली कब डाली?”

“सगळ्यांत आधी,” मी म्हणालो.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग सांगितले, की डाळ शिजल्याशिवाय आंबट घालायचेच नाही. खाला शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण त्यांचे म्हणणे विज्ञानाला धरून होते. डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवणारा एक पदार्थ असतो. पाण्यात शिजताना तो विरघळतो आणि डाळ मऊ होते. पाणी आंबट असले, तर तो लवकर विरघळत नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल, सगळ्यांचे तेच. त्या दिवशी मी ती डाळ अर्धी कच्चीच खाल्ली. खाण्याचा शौक असलेल्या माणसाला ही शिक्षा पुरेशी होती.

थंडीच्या दिवसांत वर्गमित्रांच्या शेतावर जाणे होई. तुम्ही शेतावरचे भरीत खाल्ले असेल, तर मी काय म्हणतो ते तुम्हांला कळेल. तुरीचे वाळलेले झाड म्हणजे तुराटी, कपाशीचे म्हणजे पऱ्हाटी. त्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी टाकायची. जाळ मोठा आणि भराभर उठणारा असतो. वांग्याची साल जळून कोळसा होते, आतला गर स्वतःच्या पाण्यात शिजतो आणि त्याला धुराचा वास लागतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येत नाही, कितीही मसाला घाला. मग कच्चा कांदा, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि सांभार. कधी रोडग्यांचा बेत असे. नवस फेडायला लोक रोडगे करतात, तसेच नुसत्या हौसेनेही करतात. कणकेच्या लहान लहान पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्या एका मोठ्या पारीत बंद करून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. भाजल्यावर राख झटकायची, रोडगा फोडायचा आणि वरणात कुस्करून वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. हे काम एकट्याचे नाही. एकजण गोवऱ्या रचतो, एकजण कणीक मळतो. दोघेतिघे काही न करता सल्ले देतात. मी बराच काळ सल्ले देणाऱ्यांत होतो.

दुसऱ्या वर्षी माझ्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया वाशिमला झाली. एका डोळ्यावर पट्टी होती आणि डॉक्टरांनी बजावले होते, “धुराजवळ जायचे नाही, वाकायचे नाही.” आई माझ्या खोलीवर आठ दिवस राहणार होती. पहिल्या दिवशी मी हॉटेलातून पोळ्या आणि भाजी आणली. आईने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चहाशिवाय काहीच घेतले नाही. तिला जन्मभर ज्वारीच्या भाकरीची सवय होती आणि मला भाकर येत नव्हती. पोळी जमत होती, डाळ जमत होती, पण भाकर नाही. गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नव्हत्या.

मी बाजारातून ज्वारीचे ताजे पीठ दळून आणले. परातीत पीठ घेतले, कोमट पाणी ओतले, मळले आणि थापायला लागलो. भाकर हातातच तुटली. दुसरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला मी दिसत नव्हतो. तिने तशीच विचारले, “पानी उकयलं होतं का रे?”

आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. उकळले होते का, असे ती विचारत होती. पाणी उकळल्याचा आवाज तिने ऐकला नव्हता!

इथे थोडे थांबून नीट समजून घ्या, कारण भाकरीचे सारे गुपित इथेच आहे. गव्हाच्या कणकेत एक चिवट पदार्थ असतो, म्हणून पोळी ताणली तरी फाटत नाही. ज्वारीत तो नसतो. उकळते पाणी घातले, की ज्वारीतले पिष्ट फुगते, चिकट होते आणि पिठाला धरून ठेवते. कोमट पाण्याने हे होत नाही. पीठ फार दिवसांचे असले, तरीही भाकर चिरते.

मी पाणी खळखळ उकळले. आई पडल्या पडल्या ऐकत होती. “आता ओत. मळ. अजून मळ, तयहाताच्या टाचेनं.” मग थापण्याचा आवाज ऐकून ती म्हणाली, “एकाच जागी मारू नको, भाकर फिरव.” मी भाकर तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. पाणी पुरते सुकायच्या आत उलटली. स्टोव्हच्या जाळावर धरली असती तर रॉकेलचा वास लागला असता, म्हणून तव्यावरच फडक्याने कडा दाबत गेलो. तिसरी भाकर जाड झाली. चौथी मात्र फुगली. आतल्या वाफेने वरचा पापुद्रा सुटला आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडलो, की खाला धावत आल्या. त्यांना वाटले, मी भाजलो.

आईने मात्र फुगलेली भाकर घेतली नाही. ती म्हणाली, ती तू खा. तिने आधी मोडलेल्या तुकड्यांचा वरणात काला केला आणि सगळा संपवला. मग गोळी घेतली. खालांनी घरून वाटीभर दालचा आणला, त्यावर चिमूटभर कोथिंबीर होती. आई म्हणाली, “सांभार ताजा आहे.” खाला म्हणाल्या, “हाँ, कोथमीर आजही लाई.” पुढे सहा दिवस दोघी अशाच बोलत राहिल्या. एक वऱ्हाडीत आणि दुसरी उर्दूत. मधे पडायची मला एकदाही गरज भासली नाही.

आता त्या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. आपल्या जिल्ह्याच्या शेतांत आता जिकडेतिकडे सोयाबीन आणि तूर दिसते. पूर्वीएवढी ज्वारी कोणी पेरत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ज्वारीचे खूप कौतुक केले. माझ्या लहानपणी भाकर हे गरिबाचे अन्न होते आणि गव्हाची पोळी सणाला होई. आज रस्त्यावरच्या ढाब्यांवर ‘चुलीवरची भाकर मिळेल’ अशी पाटी असते आणि ती पोळीपेक्षा महाग असते. मी अशी पाटी दिसली, की थांबतोच. शौक कुठे जातो?

मागच्या हिवाळ्यात अकोला रस्त्यावरच्या एका ढाब्यावर मी भाकर आणि भरीत मागवले. भरीत उत्तम होते. भाकर मात्र कडेने चिरलेली होती. हात धुवायला मागे गेलो, तर चुलीपुढे अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. हात पिठाने भरलेले आणि कपाळावर घाम. तो घाईघाईने थापत होता.

मी विचारले, “पाणी उकळले होते का?”

त्याने चमकून वर पाहिले आणि हसला. “नाही काका, गिऱ्हाईक वाढलं ना!” असे म्हणून त्याने परातीतले पीठ बाजूला सारले आणि पाण्याचा गंज पुन्हा चुलीवर ठेवला.