अर्पण आणि आचरण

बायबलच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या पहिल्या 7 अध्यायांत होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण असे अर्पणाचे 5 प्रकार वर्णिले आहेत. पापार्पणासाठी ज्यास मेंढरू परवडत नाही त्याने पारव्याची दोन पिले आणावीत. तेही न साधल्यास थोडे सपीठ पुरे होते. उपासनेचे द्वार दारिद्र्यामुळे बंद होत नाही.

दोषार्पणाचा नियम विशेष मननीय आहे. शेजाऱ्यास लुबाडणाऱ्याने त्याचे त्यास परत करावे, वर पाचवा हिस्सा भरून द्यावा आणि मेंढाही अर्पावा. नुसता मेंढा वाहून त्याची सुटका होत नाही. 19व्या अध्यायात तर पावित्र्य वेदीवरून शेतात व बाजारात उतरते: शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखावे, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, वजनेमापे खरी असावीत.

इ. स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील यज्ञविधी थांबले. आचरणाची आज्ञा मात्र उरली. पौलाने त्यापूर्वीच रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःचे जीवन हेच जिवंत अर्पण मानले होते.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुली व विधवांना आश्रय दिला. पुढे केडगाव येथे हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. अनुवादिकेने अर्पणाचा अर्थ आधी आचरला, मग लिहिला.