स्वतःच्या सर्व्हरवरील बैठका : भाच्यास पत्र



पतसंस्थेच्या बैठका यापुढे स्वतःच्या सर्व्हरवरून व्हाव्यात असा संचालक मंडळाचा ठराव झाला असून त्यासाठी सॉफ्टवेअर निवडण्याचे काम चिरंजीवाकडे आले आहे, असे त्याच्या पत्रावरून कळले. अशा वेळी बहुतेकजण सोयींचे तक्ते समोर मांडून बसतात. परंतु सोयींच्या बाबतीत ही सॉफ्टवेअर आता एकमेकांच्या पुष्कळ जवळ आली आहेत, आणि खरा फरक ती चित्र व आवाज कोणत्या वाटेने नेतात यात असतो.

वेगळे काही न बसवता ब्राउझरमधूनच कॅमेरा व मायक्रोफोन चालवणारे तंत्र म्हणजे वेबआरटीसी. त्याचा वापर दोन प्रकारे होतो. पहिल्यात प्रत्येकजण इतर प्रत्येकाला थेट चित्र पाठवतो, म्हणजे दहाजणांच्या बैठकीत एकेका संगणकाला आपल्या चित्राच्या नऊ प्रती बाहेर पाठवाव्या लागतात आणि शाखेतील साधी जोडणी तेथेच मान टाकते. दुसऱ्यात प्रत्येकजण एकच प्रवाह सर्व्हरला देतो आणि सर्व्हर तो उरलेल्यांना वाटतो. येथे भार शाखांवरून उठून सर्व्हरवर येतो. एका प्रवाहाला १ मेगाबिट धरले, तर त्याच बैठकीत सर्व्हरकडे १० मेगाबिट येतात आणि ९० बाहेर जातात. गिगाबिट स्विचला हे काहीच नाही, पण कोपऱ्यात विसरलेला जुना १०० मेगाबिटचा स्विच एवढ्याने भरत येतो. आणि सर्व्हर मुख्य कार्यालयात असून दहापैकी सहाजण शाखांतून बसले असतील, तर तेथील जोडणीला ५४ मेगाबिट अपलोड लागतो. छोट्या चौकटींसाठी हलका प्रवाह पाठवण्याची सोय असल्याने प्रत्यक्ष आकडा खाली येतो हे खरे, तरी हिशेब जास्तीत जास्त भाराचाच करावा. अपलोड पुरत नसेल, तर मुंबईतील एखाद्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे, मग आपली पेटी आपल्याच कपाटात दिसावी असा एखाद्या संचालकाचा कितीही आग्रह असो.

वाटेचा हा हिशेब झाला की नावे आपोआप गळतात. नेक्स्टक्लाउड टॉक वेगळा मध्यस्थ सर्व्हर जोडल्याशिवाय पहिल्या पद्धतीने चालते, म्हणून चार-पाचजणांपुढे त्याचा भरवसा धरू नये. संस्थेची कागदपत्रे आधीच नेक्स्टक्लाउडवर असतील तरच त्याचा विचार करावा. बिगब्लूबटनचा उगम २००७ साली ओटावातील कार्लटन विद्यापीठात, अध्यापनासाठी झाला. फळा, मतचाचणी, गटांच्या वेगळ्या खोल्या यांत ते सरस आहे, पण त्याला दुसरे काहीही न चालणारे उबुंटूचे यंत्र, आठ कोअर आणि १६ जीबी मेमरी द्यावी लागते. कर्मचारी प्रशिक्षण हेच मुख्य काम असेल तर हा खर्च योग्य होय. जित्सी २००३ मध्ये स्ट्रासबर्ग येथे एमिल इव्होव्ह यांच्या विद्यार्थी-प्रकल्पातून निघाले, २०१८ पासून ते एट बाय एट या कंपनीकडे आहे आणि अपाचे परवान्यामुळे ते कोणालाही वापरता येते. संचालक मंडळ व कर्ज समिती यांच्या बैठकांसाठी तेच पुरेसे ठरेल. मात्र त्यातील ध्वनिचित्रमुद्रण करणारा घटक प्रत्यक्षात एक अदृश्य ब्राउझर उघडून त्याचा पडदा टिपतो आणि एका वेळी एकच बैठक टिपू शकतो; मुद्रण हवेच असेल तर त्यासाठी निराळे यंत्र धरावे.

अडचण बहुधा सॉफ्टवेअरची नसतेच. सर्व्हरचा पत्ता नुसत्या एचटीटीपीने उघडला तर ब्राउझर कॅमेऱ्याला हात लावू देत नाही, म्हणून कार्यालयाच्या आतील वापरासाठीही नाव आणि प्रमाणपत्र लागते. स्वस्त जोडण्यांत सेवापुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो, तेव्हा बाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नाही. स्थिर आयपी मागून घ्यावा. जित्सीत दोघांचे बोलणे नीट चालावे आणि तिसरा येताच सर्वांची चित्रे काळी पडावीत, हा प्रकार नवख्याला चकवतो. दोघे असेपर्यंत प्रवाह थेट जातो, तिसऱ्यापासून तो सर्व्हरमार्गे जातो. म्हणजे दोष बहुधा राउटरवर न उघडलेल्या यूडीपी १०००० पोर्टाचा, किंवा सर्व्हरला आपला बाहेरचा पत्ता न सांगितल्याचा असतो. चाचणी म्हणून तिघांनीच घ्यावी, आणि त्यातला एकजण मोबाइलच्या डेटावर असावा.

गुप्ततेबद्दल मंडळाला स्पष्ट सांगावे की वाटेत प्रवाह कुलूपबंद असला तरी वाटप करणाऱ्या सर्व्हरवर तो उघडतो. जित्सीत टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप निवडता येते, पण ते सर्व ब्राउझरांत चालत नाही. तेव्हा सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे, हा प्रश्न ठरावातच मिटवावा, आणि चिरंजीव रजेवर असताना अद्ययावत करण्याचे काम कोण पाहील, हेही तेथेच लिहून घ्यावे.

एक गोष्ट मात्र बैठकीचा पत्ता शाखांना कळवण्यापूर्वीच व्हावी. जित्सी जसे बसवले जाते तसेच ठेवले, तर पत्ता ठाऊक असलेला कोणीही त्यावर खोली उघडून बसू शकतो. खोली उघडण्यास नाव व पासवर्ड लागेल अशी मांडणी आधी करावी आणि मग चाचणीचे आकडे इकडे कळवावेत.

कळावे, मामाचे आशीर्वाद.